बासोथो राष्ट्राचा जनक राजा मोश्वेश्वे

जे वीर रणांगणावर पडले त्यांचे पोवाडे सर्वत्र गाइले जातात, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्यानें आपल्या लोकांस होतां होईल तों रणांगणावर पडूं दिलें नाहीं, जय मिळाला असतां तलवार आवरली व नाश समोर दिसत असतांहि धीर सोडला नाहीं, अशा पुरुषाचा पोवाडा क्वचितच कोणी गातो. दक्षिण आफ्रिकेंतील बासोथो लोकांचा राजा मोश्वेश्वे हा अशा दुर्मिळ पुरुषांपैकीं एक होय. जुन्या इंग्रजी ग्रंथांत त्याचें नांव मोशेश असें आढळतें. त्याचें चरित्र यंदां आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या मातापितरांपुढें ठेवीत आहों.

आफ्रिका खंड युरोपीय राष्ट्रांनीं कसें वांटून घेतलें हें जुना नकाशा पाहतांना सहज ध्यानांत येतें. इ. स. १८८४-८५ मध्यें बर्लिन शहरीं मोठी परिषद भरली. तींत त्या खंडाच्या व्यवहाराचे नियम ठरले, पण तेथील एकाहि राजास त्या सभेंत आसन नव्हतें. पुढील तीस वर्षांत इथिओपिया व लायबेरिया हे दोन देश सोडले तर जवळजवळ सारें खंड परक्यांच्या अंमलाखालीं गेलें. परंतु हें मुकाट्यानें झालें नाहीं. झुलु राजा सेटेवायो ह्याच्या सैन्यानें १८७९ सालीं इसांडल्वाना येथें इंग्रजी फौज कापून काढली. पण त्याच वर्षीं तो राजा कैद झाला. पश्चिम आफ्रिकेंत सामोरी तूरे ह्यानें फ्रेंचांशीं वर्षानुवर्षें झुंज दिली. १८९८ सालीं तो पकडला गेला व १९०० सालीं हद्दपारींत मरण पावला. इथिओपियाच्या मेनेलिक बादशहानें मात्र १८९६ सालीं आडवा येथें इटलीच्या सैन्याचा पूर्ण मोड केला.

मोश्वेश्वे हा ह्या सर्वांच्या आधींच्या काळांतला. खंडाच्या दक्षिण टोकास हें संकट फार अगोदर आलें होतें. १६५२ सालीं डच लोकांनीं केप येथें ठाणें घातलें; १८०६ सालीं तें इंग्रजांनीं जिंकून आपल्याकडे ठेविलें; आणि १८३५ च्या सुमारास इंग्रजी अंमलास कंटाळलेले डच वंशाचे शेतकरी, ज्यांस बोअर म्हणतात, ते आपल्या बैलगाड्या जोडून उत्तरेकडील कुरणांत शिरूं लागले. त्या कुरणांच्या पूर्व कडेला, कॅलेडन नदीच्या खोऱ्यांत, मोश्वेश्वेचे लोक राहत होते.

मोश्वेश्वेचा जन्म इ. स. १७८६ च्या सुमारास मेन्खोआनेंग नांवाच्या गांवीं झाला. त्याचा बाप मोखाचाने हा एका लहानशा कुळाचा नायक होता. मोठें राज्य वारशानें मिळावें असें मोश्वेश्वेच्या नशिबीं नव्हतें. त्याचें जन्मनांव लेपोको. त्या देशीं गुरें हेंच खरें धन, आणि शेजाऱ्याचीं गुरें पळवून आणणें हा तरुणांचा पराक्रम समजला जाई. अशाच एका स्वारींत लेपोकोनें शेजारच्या सरदाराचा कळप इतक्या सफाईनें लांबविला कीं, वस्तरा दाढीवरून फिरतांना जो आवाज होतो त्यावरून त्यानें मोश्वेश्वे हें नवें नांव धारण केलें. शत्रूची दाढीच साफ केली, असा त्याचा भाव.

ह्या वयांत तो फार तापट होता. लहानसहान चुकीबद्दलहि तो आपल्या माणसांवर हात टाकी, असें परंपरा सांगते. नातवाचा हा स्वभाव पाहून त्याचा आजोबा पीटे ह्यास चिंता वाटली, व त्यानें त्यास मोहलोमी नांवाच्या वृद्ध सरदाराकडे नेलें. मोहलोमी हा न्यायी, शांतिप्रिय व दूरवर प्रवास केलेला मनुष्य होता. राज्य भाल्याच्या टोकानें वाढत नाहीं, न्यायानें व सोयरिकीनें वाढतें. गरिबास आधार द्यावा. जादूटोण्याच्या आरोपावरून कोणाचा प्राण घेऊं नये. अशी शिकवण त्यानें ह्या तरुणास दिली. शिकवण पुष्कळांस मिळते. ती अंगीं लावून घेणारा विरळा. मोश्वेश्वेचें पुढील सारें आयुष्य म्हणजे ह्या एका भेटीचें फळ होय.

त्या शिकवणीची कसोटी लवकरच लागली. १८२० नंतरच्या दशकांत त्या सर्व प्रदेशावर जो प्रळय कोसळला त्यास बासोथो लोक लिफाकाने म्हणतात. अवर्षण, झुलु राजा शाका ह्याच्या वाढत्या सत्तेची धडक, आणि गुरांसाठीं व गुलामांसाठीं वसाहतींच्या सरहद्दीकडून होणाऱ्या स्वाऱ्या, अशीं अनेक कारणें एकत्र आलीं. एका टोळीनें दुसरीस हुसकावें व त्या दुसरीनें तिसरीचीं शेतें तुडवावीं, असा क्रम सुरू झाला. गांवें ओस पडलीं. भुकेनें वेडे झालेले कांहीं लोक मनुष्याचें मांस खाऊं लागले.

मोश्वेश्वे तेव्हां बुथा-बुथे ह्या डोंगरावर राहत होता. १८२४ सालीं बाट्लोकोआ टोळीनें त्यास वेढा घातला. लोक उपासमारीनें गळाले. वेढा उठतांच त्यानें ओळखिलें कीं, हें ठिकाण टिकण्याजोगें नाहीं. ऐन थंडीच्या दिवसांत बायकामुलें, म्हातारे व उरलीं सुरलीं गुरें घेऊन तो दक्षिणेकडे निघाला. सुमारें सत्तर मैलांची ती वाट त्यांनीं नऊ दिवसांत तुडविली. मागें पडलेल्यांस नरमांसभक्षकांनीं उचललें. त्यांतच वृद्ध पीटे सांपडला व मारून खाल्ला गेला.

प्रवासाच्या शेवटीं ते ज्या डोंगरावर चढले त्याचें नांव थाबा बोसिऊ, म्हणजे रात्रीचा डोंगर. आमच्या वाचकांनीं सह्याद्रींतील एखादा गड डोळ्यांपुढें आणावा. खोऱ्यांतून सुमारें साडेतीनशें फूट उंच उठलेला, चोहोंबाजूंनीं ताशीव कडे, माथ्यावर विस्तीर्ण सपाटी, गुरांस पुरेल इतकें गवत आणि पिण्याच्या पाण्याचे झरे. वर जाण्याच्या वाटा मोजक्या. त्यांच्या तोंडाशीं दगडांच्या राशी रचून ठेविल्या कीं मूठभर माणसें मोठें सैन्य थोपवूं शकत. शत्रूस भीति वाटावी म्हणून हा डोंगर रात्रीं उंच वाढतो अशी वदंता पसरली. हा गड मोश्वेश्वेच्या हयातींत कोणासहि जिंकतां आला नाहीं.

आतां आम्ही जी गोष्ट सांगणार आहों ती बासोथो लोक आजहि आपल्या मुलांस सांगतात. कांहीं काळानें पीटेस मारणारे नरमांसभक्षक मोश्वेश्वेच्या हातीं लागले. लोकांनीं त्यांचे प्राण मागितले. राजानें विचार केला कीं, ज्यांच्या पोटांत माझा आजोबा आहे ते लोक म्हणजे त्याची चालतीबोलती कबरच. आणि पूर्वजांच्या कबरीस धक्का लावणें हें पाप आहे. त्यानें कबरीस करावयाचा शुद्धिविधि त्यांच्यावर केला, त्यांस गुरें व जमीन दिली आणि माणसांत आणिलें. ह्यांत दया होती, तसेंच शहाणपणहि होतें. मोडलेल्या देशांत प्रत्येक मनुष्याची गरज आहे, व ज्यास पोटभर अन्न मिळतें तो माणसावर दांत धरीत नाहीं, हें त्यानें जाणलें होतें.

ह्याच रीतीनें त्याचें राज्य वाढलें. घरदार गमावलेले निराश्रित थाबा बोसिऊच्या पायथ्याशीं येत. राजा त्यांस दुभत्या गाई संभाळावयास देई. दूध त्यांचें, कळप राजाचा. ह्या पद्धतीस माफिसा म्हणतात. निरनिराळ्या कुळांचे व बोलींचे लोक अशा प्रकारें एका छत्राखालीं आले, आणि बासोथो हें एक राष्ट्र झालें. बलाढ्य शेजाऱ्यांस तो वेळींच नजराणे पाठवी. १८३१ सालीं एन्देबेले लोकांची मोठी फौज गडावर चालून आली व दगडांच्या वर्षावाखालीं मागें हटली. उपाशी परत जाणाऱ्या त्या शत्रूंच्या मागोमाग मोश्वेश्वेनें पुष्ट बैल धाडिले, आणि भुकेनेंच तुम्हांस येथवर आणिलें असावें असा निरोप दिला. ते पुन्हां त्याच्यावर चालून आले नाहींत.

परंतु आतां एक नव्या जातीचा शत्रु दिसूं लागला होता. पश्चिमेकडून कोराना व ग्रीक्वा टोळ्या घोड्यांवर बसून व बंदुका घेऊन येत. भाल्यांचा त्यांपुढें टिकाव लागेना. गोऱ्या लोकांमध्यें कांहीं शांतीचे शिक्षकहि असतात, असें मोश्वेश्वेच्या कानीं आलें. असा शिक्षक मिळावा म्हणून त्यानें गुरांचा कळप पाठविला; तो वाटेंत लुटला गेला, तरी त्यानें आपली मागणी सोडली नाहीं. त्याचा निरोप एका ग्रीक्वा शिकाऱ्याच्या तोंडून फ्रेंच मिशनऱ्यांस कळला, आणि १८३३ च्या जून महिन्यांत पॅरिसच्या मिशनचे तीन तरुण, यूजीन कासालिस, टॉमस आर्बूसे व कॉन्स्टंट गोसलँ, थाबा बोसिऊ येथें येऊन पोहोंचले. कासालिसचें वय तेव्हां अवघें वीस वर्षांचें होतें.

राजानें त्यांस मोरिया येथें जागा दिली. मिशनऱ्यांनीं सेसोथो भाषा शिकून ती लिपिबद्ध केली, शाळा काढल्या, छापखाना घातला. लेसेलिन्याना नांवाचें सेसोथो भाषेंतील वर्तमानपत्र अडोल्फ माबिय ह्यानें १८६३ सालीं मोरिया येथून सुरू केलें. कासालिस हा राजाचा परराष्ट्रव्यवहारांतील सल्लागार झाला. राजास इंग्रजी येत नव्हतें. पण पत्राची शक्ति काय असते हें त्यानें चटकन् ओळखिलें. लिहिलेल्या शब्दास गोरे अधिकारी बांधले जातात, म्हणून तो प्रत्येक तक्रार व प्रत्येक करार कागदावर आणवूं लागला.

त्यानें केलेले कायदेहि लक्षांत ठेवण्याजोगे आहेत. १८५४ सालीं त्यानें बाहेरून येणाऱ्या दारूस आपल्या मुलुखांत बंदी केली. १८५५ सालीं जादूटोण्याच्या संशयावरून मनुष्य मारणें हा खुनाचाच गुन्हा ठरविला; मोहलोमीची शिकवण इतक्या वर्षांनीं कायद्याच्या रूपानें उगवली. १८५९ च्या कायद्यानें परक्या व्यापाऱ्यास दुकान मांडण्याची मोकळीक दिली, पण जमिनीची मालकी दिली नाहीं. जमीन राष्ट्राची, ती कोणास विकतां येत नाहीं, हें तत्त्व त्यानें प्राणापलीकडे जपलें. बोअर शेतकरी प्रथम आले तेव्हां त्यानें त्यांस गुरें चारण्याची परवानगी दिली होती; ते ती देणगी समजून बसले. पुढील सर्व युद्धांचें मूळ ह्या एका भेदांत आहे.

१८४३ सालीं केपचा गव्हर्नर नेपियर ह्यानें मोश्वेश्वेशीं मैत्रीचा तह केला. परंतु १८४८ सालीं सर हॅरी स्मिथ ह्यानें ऑरेंज व व्हाल ह्या नद्यांमधील प्रदेश इंग्रजी अंमलाखालीं आणिला, व पुढच्याच वर्षीं मेजर वॉर्डन ह्यानें अशी सरहद्द आंखली कीं, बासोथोंची पुष्कळ सुपीक जमीन बोअरांच्या बाजूस गेली. ह्या अन्यायाचा एक परिणाम मिशनच्या शाळेंतील आम्हां सर्वांस विचार करावयास लावणारा आहे. सुवार्ता आणणारा व जमीन घेणारा एकाच वर्णाचा आहे, हें पाहून अनेक नव्या ख्रिस्ती बासोथोंची श्रद्धा डळमळली व ते जुन्या चालींकडे परतले. उपदेशकाचे कष्ट दुसऱ्याच्या लोभानें असे वाया जातात.

१८५२ च्या डिसेंबरांत नवा गव्हर्नर सर जॉर्ज कॅथकार्ट हा दोन हजारांवर सैनिक घेऊन आला. तीन दिवसांत दहा हजार गुरें व एक हजार घोडे दंड म्हणून द्यावे, अशी त्याची मागणी होती. मोश्वेश्वेनें मुदतींत साडेतीन हजार गुरें पोंचविलीं व अधिक वेळ मागितला. तो मिळाला नाहीं. २० डिसेंबर रोजीं इंग्रजी फौज बेरिया पठारावर चढली. गुरें हांकण्यांत गुंतलेल्या स्वारांवर बासोथो घोडेस्वार तुटून पडले. आतां त्यांच्याजवळहि घोडे व बंदुका होत्या. इंग्रजांकडील अडतीस माणसें पडलीं, व संध्याकाळीं कॅथकार्टची स्थिति बिकट झाली.

अशा वेळीं दुसरा कोणी असता तर विजयाच्या धुंदींत पहाटे पुन्हां चालून गेला असता. मोश्वेश्वेनें त्या मध्यरात्रीं पत्र लिहविलें. तुम्ही आपलें सामर्थ्य दाखविलें, शिक्षा पुरी झाली, आतां शांति असावी, आणि मी आपल्या लोकांस आवरीन, अशा आशयाचें तें विनंतिपत्र होतें. जिंकणाऱ्यानें हरलेल्याची भाषा बोलून शत्रूस अब्रूनें परत जाण्याची वाट करून दिली. कॅथकार्टनें ती वाट घेतली व तो सैन्यासह परतला. साम्राज्य एका लढाईंत हरलें तरी दहा फौजा आणूं शकतें, हें मोश्वेश्वे जाणत होता. इसांडल्वाना येथें विजय मिळविणाऱ्या झुलु राजाचें पुढें काय झालें हें वर सांगितलेंच आहे. त्यावरून ह्या मध्यरात्रींच्या पत्राचें मोल कळेल.

१८५४ सालीं इंग्रजांनीं त्या प्रदेशांतून अंग काढून घेतलें व तेथें बोअरांचें ऑरेंज फ्री स्टेट हें स्वतंत्र राज्य झालें. सरहद्दीचा तंटा तसाच राहिला. १८५८ सालीं बोअर फौजा थाबा बोसिऊपर्यंत आल्या. त्यांनीं वाटेंत मोरियाचें मिशनहि उध्वस्त केलें. तिकडे बासोथो स्वारांनीं त्यांच्या पाठीमागें त्यांच्याच शेतवाड्या गांठल्या, तेव्हां बोअर घरें राखण्यासाठीं परतले. येथें सत्य सांगितलें पाहिजे कीं, सरहद्दीवर चोऱ्या व लूट दोन्ही बाजूंनीं होत असे, आणि राजाचे मुलगे व मांडलिक नेहमींच त्याच्या आज्ञेंत राहत नसत. वृद्धापकाळीं त्याचा धाक कमी झाला, हें त्याच्या राज्याचें मोठें दुर्दैव.

१८६५ सालीं पुन्हां युद्ध पेटलें. १५ ऑगस्ट रोजीं बोअर सेनापति लाउ वेपेनर ह्यानें गडावर निकराचा हल्ला चढविला. तो चढावावरच ठार झाला व हल्ला फसला. परंतु बोअरांनीं आतां गडाऐवजीं शेतांवर शस्त्र धरिलें. उभीं पिकें जाळलीं, धान्याचे सांठे लुटले, गुरें नेलीं. कडे अभेद्य असले तरी भूक कड्यावरूनहि चढते. १८६६ च्या तहांत सुपीक सखल मुलुखाचा मोठा भाग द्यावा लागला, आणि पुढच्या वर्षीं लढाई पुन्हां जुंपली.

ऐंशीच्या घरांतील त्या राजापुढें आतां दोनच मार्ग उरले. एकटें लढत राहून राष्ट्राची राखरांगोळी होऊं द्यावी, किंवा दूरच्या मोठ्या सत्तेचें छत्र मागून जवळच्या शत्रूपासून उरलेली जमीन वांचवावी. इंग्रजांचें संरक्षण तो कित्येक वर्षें मागत होता. अखेर १२ मार्च १८६८ रोजीं गव्हर्नर वुडहाउस ह्यानें बासुटोलँड हा इंग्रजी मुलुख असल्याचें जाहीर केलें. ह्या संरक्षणाची किंमत जबर होती. स्वातंत्र्य गेलें, आणि १८६९ सालीं ॲलिवल नॉर्थ येथें वुडहाउस व फ्री स्टेटचे प्रतिनिधि ह्यांनीं जी सीमा ठरविली तींत कॅलेडनच्या पश्चिमेची उत्तम शेतजमीन कायमची गेली. त्या बैठकींत बासोथोंस विचारलें गेलें नाहीं. राजपुत्र त्सेकेलो दाद मागण्यासाठीं इंग्लंडला गेला, पण गेलेली जमीन परत आली नाहीं.

११ मार्च १८७० रोजीं मोश्वेश्वे थाबा बोसिऊवर मरण पावला. ख्रिस्ती धर्माविषयीं त्यास आयुष्यभर आदर होता. पण अनेक विवाहांवर उभारलेल्या सोयरिकी मोडाव्या तर राज्यच मोडेल, ही अडचण त्यास नेहमीं आड आली. अखेरीस बाप्तिस्मा घेण्याचें त्यानें ठरविलें व दिवसहि नेमला गेला, परंतु त्यापूर्वींच मृत्यूनें त्यास गांठलें. त्यावर निवाडा देणें आमचें काम नव्हे. तें अंतःकरण जाणणाऱ्या परमेश्वरावर सोंपविणें बरें. ज्यानें आजोबाच्या मारेकऱ्यांस क्षमा केली, त्यानें डोंगरावरील प्रवचन ऐकण्यापूर्वींच त्यांतील कांहीं भाग आचरिला होता, एवढें मात्र आम्हांस म्हणावेंसें वाटतें.

त्याच्या धोरणाचें फळ त्याच्यामागें दिसून आलें. १८७१ सालीं देश केप वसाहतीस जोडला गेला. १८८० सालीं तिच्या सरकारनें बासोथोंच्या बंदुका काढून घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हां ते लढले व त्यांनीं तो बेत हाणून पाडला. १८८४ पासून तेथें इंग्लंडचा प्रत्यक्ष अंमल आला. त्यामुळें १९१० सालीं दक्षिण आफ्रिकेचें संघराज्य झालें तेव्हां हा डोंगरी देश त्यांत सामील झाला नाहीं, आणि १९४८ नंतर तेथें जो वर्णभेदाचा कठोर कायदा चालला तो ह्या देशास लागूं झाला नाहीं. ४ ऑक्टोबर १९६६ रोजीं लेसोथो ह्या नांवानें तो स्वतंत्र झाला. चारी बाजूंनीं दक्षिण आफ्रिकेनें वेढलेलें तें राज्य आजहि उभें आहे, तेथें मोश्वेश्वेच्याच वंशांतील राजा आहे, व ११ मार्च हा दिवस त्याच्या स्मरणार्थ पाळला जातो.

ज्याच्या हातीं मोठें सैन्य नव्हतें, विशाल कोश नव्हता व वारशानें मिळालेलें राज्यहि नव्हतें, त्यानें विस्कटलेल्या माणसांचें राष्ट्र केलें. त्यास पुष्कळ गमवावें लागलें. परंतु लोक गमवावे लागले नाहींत, आणि लोक राहिले म्हणून एक दिवस देशहि परत मिळाला. आमच्या विद्यार्थ्यांस राज्यें संभाळावयाचीं नाहींत. पण राग आवरण्याचा, हरलेल्याची अब्रू राखण्याचा आणि निराश्रितास आपल्यांत घेण्याचा प्रसंग शाळेच्या अंगणांतहि रोज येतो. तापट लेपोकोचा जर शांतिप्रिय मोश्वेश्वे होऊं शकला, तर मनावर घेतल्यास आपणांपैकीं कोणासहि हें असाध्य नाहीं.